सिनेमा बघून मुलांनी पेपरात भलतंच लिहिलं, आता काय करू?

वर्गात इतिहास शिकवताना सिनेमा, गेम, कॉमिक्स, गाणी वापरता का आणि त्यात काय अडचणी येतात, असं मागच्या अंकात विचारलं होतं. पत्रं भरपूर आली. बरीचशी शिक्षकांची, काही पालकांची, आणि एक चक्क नववीतल्या मुलाचं. त्यातली काही निवडलीयेत.

प्रश्न : नमस्कार ताई. मी आठवीला इतिहास शिकवते. मध्ययुगीन युरोप म्हटलं की मुलं जांभया द्यायची, म्हणून स्कॉटलंडचा योद्धा विल्यम वॉलेस याच्यावरच्या 'ब्रेव्हहार्ट' सिनेमातले काही सीन दाखवले. वर्ग एकदम जिवंत झाला, शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा हात वर करायला लागली. पण चाचणीत निम्म्या मुलांनी स्टर्लिंगची लढाई मोकळ्या मैदानात झाली असं लिहिलं, आणि काहींनी वॉलेस आणि राजकन्या इझाबेलाचं प्रेमप्रकरण रंगवून लिहिलं. मी आधी बरोबर शिकवलं होतं, नोट्समध्येही बरोबर होतं. सिनेमा दाखवणं बंद करू का?

उत्तर : बंद मुळीच करू नका. तुमच्याकडे जे झालं ते इतकं नेहमीचं आहे की त्यावर प्रयोगसुद्धा झालेत. २००९ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एखाद्या ऐतिहासिक घटनेवरचा उतारा वाचायला दिला, त्याच घटनेवरच्या सिनेमाची क्लिप दाखवली आणि काही दिवसांनी टेस्ट घेतली. जिथे सिनेमा आणि उतारा एकच सांगत होते तिथे मुलांना जवळपास ५० टक्के जास्त आठवलं. पण जिथे सिनेमा उताऱ्याच्या उलट सांगत होता तिथे कधीकधी निम्म्या वेळा मुलांनी सिनेमातलं चुकीचं उत्तर लिहिलं, आणि वर 'हे मी उताऱ्यात वाचलंय' असं खात्रीने सांगितलं. म्हणजे गोष्ट लक्षात राहते पण ती कुठून आली ते पुसलं जातं, आणि चित्र, आवाज, संगीत सगळं एकत्र आलं की छापील ओळ त्याच्यापुढे टिकत नाही.

आता यातला सगळ्यात कामाचा भाग. 'सिनेमात चुका असतात हं, सगळं खरं मानू नका' अशी मोघम सूचना दिली तर फारसा उपयोग झाला नाही. पण क्लिपच्या आधी 'या सीनमध्ये अमुक दाखवलंय ते चूक आहे आणि खरं तमुक आहे' असं नेमकं सांगितलं तर चुकीची उत्तरं जवळजवळ गायब झाली. माझ्या मते हा एवढा एक नियम जरी पाळला तरी अर्धी लढाई जिंकली. मोघम सावधगिरी नको, नेमकी चूक सांगा, आणि ती क्लिपच्या आधी सांगा.

तुमचंच उदाहरण घेऊ. स्टर्लिंगची लढाई ११ सप्टेंबर १२९७ ला झाली आणि तिचं नावच 'स्टर्लिंग ब्रिज'ची लढाई आहे. अरुंद लाकडी पूल होता, त्यावरून इंग्रज फौज थोडी थोडी करून नदी ओलांडत होती, काही सैन्य अलीकडे आलेलं आणि बाकीचं पलीकडेच अडकलेलं अशा वेळी स्कॉटिश फौजेने हल्ला केला, त्यामुळे पलीकडच्यांना मदतीला येताच आलं नाही. सिनेमात हा पूलच नाही! म्हणजे लढाई का जिंकली याचं कारणच उडालंय आणि त्या जागी शौर्य आणि भाषण आलंय. आणि इझाबेला १२९५ च्या आसपास फ्रान्समध्ये जन्मली, १३०५ मध्ये वॉलेसला मारलं तेव्हा ती दहाएक वर्षांची होती, तिचं लग्न १३०८ मध्ये झालं. प्रेमप्रकरण शक्यच नाही.

पुढच्या वेळी फळ्यावर आधी लिहा, 'सिनेमात पूल नाही, खऱ्या लढाईत होता'. मग तीनचार मिनिटांची क्लिप दाखवा, जास्त नको, रक्तपात बघून नीट निवडून घ्या. आणि क्लिप संपली की एकच प्रश्न टाका, पूल काढल्यामुळे गोष्टीत काय बदललं? मुलं आधी म्हणतील शूटिंगला अवघड असेल, खर्च जास्त येईल, आणि तेही खरंच असू शकतं. थोडं थांबलात तर कोणीतरी म्हणेल की पूल असता तर हिरो हुशार वाटला असता, पूल नाही म्हणून तो शूर वाटतो. त्या क्षणी ते मूल इतिहासाचा विचार करायला लागलेलं असतं, कारण घटना कशी घडली आणि ती कशी सांगितली गेली या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या. सिनेमा हवा तो याच्यासाठी. नुसता वर्ग जागा ठेवायला असेल तर एवढी उठाठेव कशाला करायची.

आणि ज्या मुलांनी प्रेमप्रकरण लिहिलं त्यांचे मार्क कापा, पण पेपर परत देताना त्यांनाच विचारा की हे तुम्ही कुठे पाहिलं, कुठे वाचलं. आपल्याला एखादी गोष्ट कुठून कळली हे आठवायचा प्रयत्न करणं ही सवय तारखांपेक्षा जास्त काळ पुरते.

प्रश्न : ताई, हे सगळं ऐकायला छान वाटतं पण सिलॅबस संपत नाही. अडीच तासांचा सिनेमा कधी दाखवायचा?

उत्तर : दाखवूच नका सर. पूर्ण सिनेमा दाखवणं हा वर्गातला सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी उपयोगाचा प्रकार आहे, मुलं पहिली वीस मिनिटं बघतात आणि मग गोष्टीत वाहून जातात, प्रश्न विचारायचं भानच राहत नाही. चार मिनिटं क्लिप, दहा मिनिटं वाचन, दहा मिनिटं बोलणं, एका पिरियडमध्ये बसतं. आणि नुसतं पात्रं कोण ते कळण्यासाठी आख्खा सिनेमा बघावा लागत असेल तर ती क्लिप चुकीची निवडलीय.

प्रश्न : मी नववीत आहे. मला इतिहास खूप आवडतो आणि तो मला गेम्समुळे आवडायला लागला. प्राचीन इजिप्त, ग्रीस, फ्रेंच राज्यक्रांती सगळं मी गेममध्ये फिरून पाहिलंय. पण आमचे सर म्हणतात की गेम म्हणजे टाइमपास, त्यातून इतिहास कळत नाही. कोण बरोबर?

उत्तर : तुझं पत्र वाचून खूप आनंद झाला. गेममुळे तुला इजिप्तबद्दल उत्सुकता वाटली ही मोठी गोष्ट आहे आणि ती कोणी हलक्यात घेऊ नये, तुझ्या सरांनीही नाही. 'असॅसिन्स क्रीड' बनवणाऱ्या युबिसॉफ्टने २०१८ मध्ये प्राचीन इजिप्तची 'डिस्कव्हरी टूर' काढली, त्यात मारामारी काढून टाकलीय आणि नुसतं फिरत फिरत माहिती ऐकता येते. म्हणजे गेम शिकण्यासाठी वापरता येतो हे बनवणाऱ्यांनाही वाटलं.

पण सरांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. त्याच मालिकेतला २०१४ चा 'युनिटी' फ्रेंच राज्यक्रांतीतल्या पॅरिसमध्ये घडतो. त्यात नोत्र दाम कॅथेड्रलवर जे उंच टोकदार शिखर दिसतं ते त्या काळात तिथे नव्हतंच. मध्ययुगातलं जुनं शिखर मोडकळीला आलं म्हणून १८ व्या शतकाच्या अखेरीला उतरवलं होतं, आणि लोकांना माहीत असलेलं शिखर व्हायोले-ल-द्युक या वास्तुकाराने १८५९ मध्ये उभं केलं. शिखराशिवाय नोत्र दाम आजच्या खेळणाऱ्याला नोत्र दाम वाटलंच नसतं. आता असं शोधायला लाग की गेममध्ये कुठली गोष्ट त्या काळाची आहे आणि कुठली आपल्याला ओळखीची वाटावी म्हणून ठेवलीय.

अजून एक सांगते, तू 'सिव्हिलायझेशन' खेळला असशील तर गांधीजी अणुबॉम्ब टाकतात हा किस्सा ऐकला असशीलच. किस्सा असा की १९९१ च्या पहिल्या गेममध्ये गांधींची आक्रमकता १ ठेवली होती, लोकशाही स्वीकारली की त्यातून २ वजा व्हायचे आणि प्रोग्रामच्या चुकीमुळे आकडा उणे १ न होता थेट २५५ व्हायचा, म्हणून ते सगळ्यांवर बॉम्ब टाकायचे. किती पटतं ना! आकडे आहेत, कारण आहे, सगळं जुळतं. पण गेम बनवणाऱ्या सिड मायर यांनी २०२० च्या आपल्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलंय की असा बग त्या गेममध्ये कधी नव्हताच. ही गोष्ट गेम आल्यावर वीसेक वर्षांनी इंटरनेटवर पसरली. एवढ्या अलीकडची, बनवणारा माणूस हयात असतानाची गोष्ट इतकी बदलू शकते, तर हजार वर्षांपूर्वीच्या राजाबद्दल किती जपून बोलावं लागेल याचा विचार कर. हे वर्गात पाच मिनिटं बोलून दाखवायची परवानगी सरांकडे माग, मला वाटतं ते खूश होतील.

आणि पिरॅमिडबद्दल एक काम देते. चाबकाचे फटके खात गुलाम दगड ओढतायत हे दृश्य तू शंभरदा पाहिलं असशील. १९९० मध्ये गिझाच्या पिरॅमिडजवळच कामगारांच्या कबरी सापडल्या, राजाच्या पिरॅमिडशेजारी मानाने पुरलेली ही माणसं गुलाम नव्हती असं अभ्यासक म्हणतात. आणि २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पपायरस सापडले, त्यात मेरर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे, त्याची टोळी तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड नाईल नदीतून होडीने गिझाला नेत होती. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने स्वतः लिहिलेलं रोजचं काम! त्याचं भाषांतर शोधून वाच आणि मग गेममध्ये तीच नदी परत बघ.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. त्यांच्या बाईंनी वर्गात 'मुघल-ए-आझम'चा सीन दाखवून अनारकली इतिहासात होती याचा पुरावा नाही असं सांगितलं. घरी येऊन ती म्हणते सगळं खोटंच असतं. लहान मुलांच्या मनात असा संशय पेरणं बरोबर आहे का? आणि उद्या कोणाच्या श्रद्धेचा विषय निघाला तर भांडणंच होणार.

उत्तर : तुमची काळजी मला पटते, कारण 'सगळं खोटं' असं म्हणणारं मूल आणि 'सगळं खरं' म्हणणारं मूल दोघंही विचार करायचं थांबलेले असतात. पण बाईंनी सांगितलं ते बरोबर आहे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलचा अकबरनामा आणि जहांगीरने स्वतः लिहिलेल्या आठवणी, दोन्हीत अनारकलीचा उल्लेख नाही. १७ व्या शतकाच्या सुरुवातीला लाहोरला आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याच्या लिखाणात तशी एक गोष्ट येते, पुढे १९२२ मध्ये इम्तियाज अली ताज यांनी त्यावर उर्दू नाटक लिहिलं आणि १९६० मध्ये सिनेमा आला. म्हणजे ही गोष्ट कशी वाढत गेली ते बघता येतं.

बाईंना मात्र एक सुचवा, नाहीतर हे उत्तर त्यांना वाचायला द्या. तिथे थांबू नका. सलीमने, म्हणजे पुढच्या जहांगीरने, अकबराविरुद्ध बंड केलं होतं हे खरंच आहे, १६०० च्या सुमाराला, अलाहाबादेत त्याने स्वतंत्र दरबार मांडला होता आणि १६०२ मध्ये खुद्द अबुल फजलची हत्या त्याच्याच सांगण्यावरून झाली. भांडण गादीचं होतं. मग मुलांना विचारायचं की बाप-लेकातलं गादीचं भांडण सिनेमात प्रेमाचं का झालं? आणि त्याहून मजेचा प्रश्न, सिनेमाच्या सुरुवातीला नकाशा दिसतो आणि 'हिंदुस्तान' स्वतःच बोलायला लागतो, ते का? स्वातंत्र्य आणि फाळणीला जेमतेम तेरा वर्षं झाली होती. अकबराला सगळ्यांना एकत्र आणणारा न्यायी बादशहा म्हणून दाखवावंसं त्या वेळी का वाटलं असेल याचं उत्तर १६०० मध्ये नाही, १९६० मध्ये आहे. सिनेमा ज्या काळावर असतो त्याच्यापेक्षा ज्या काळात बनतो त्याचा जास्त भरवशाचा साक्षीदार असतो. हे कळलं की मुलगी 'सगळं खोटं' म्हणणार नाही, 'हे कोणी, कधी आणि का सांगितलं' असं विचारेल.

श्रद्धेच्या विषयाबद्दल माझं मत सरळ आहे. कोणी 'आमच्या माणसाबद्दल असं कसं दाखवलं' म्हणत असेल तर त्याला गप्प करायचं नाही. 'टायटॅनिक' सिनेमात विल्यम मर्डॉक हा अधिकारी प्रवाशांवर गोळ्या झाडतो आणि मग स्वतःला संपवतो असं दाखवलंय. हा खरा माणूस होता, स्कॉटलंडमधल्या डलबीटी गावचा. गावाने आणि नातेवाइकांनी आक्षेप घेतला, तसा ठोस पुरावा नव्हता, आणि १९९८ मध्ये स्टुडिओच्या माणसाने गावातल्या शाळेत येऊन माफी मागितली आणि मर्डॉकच्या नावाच्या बक्षिसासाठी ५,००० पाउंड दिले. तेव्हा दुखावलेपण खरं असू शकतं. फक्त वर्गात पुढचं पाऊल असं हवं की चला, पुरावा काय म्हणतो ते बघू, आणि तो आपल्या बाजूचा निघाला नाही तरी बघू. पालकांना आधी एक चिठ्ठी पाठवून ठेवली, कुठली क्लिप, कशासाठी, सोबत कुठला उतारा, तर निम्मे वाद सुरूच होत नाहीत.

प्रश्न : आमच्या शाळेत प्रोजेक्टर नाही, मोबाइल वर्गात न्यायला बंदी आहे. मग हे सगळं आमच्यासाठी नाहीच का?

उत्तर : तुमच्यासाठी तर खास आहे, कारण सिनेमे आणि कार्टून मुलांच्या डोक्यात आधीच भरलेले असतात, ते दाखवायची गरजच नाही, फक्त बाहेर काढायचे. मुलांना सांगा व्हायकिंग काढा. बहुतेक सगळी शिंगं असलेलं शिरस्त्राण काढतील. मग विचारा कुठे पाहिलंत. आणि मग सांगा की व्हायकिंग योद्धे लढाईत शिंगांची शिरस्त्राणं घालायचे याचा पुरावा नाही, १९४३ मध्ये नॉर्वेत येर्मुंदबू इथे सापडलेलं त्या काळचं शिरस्त्राण गोल आणि साधं आहे. ही शिंगं लोकांच्या मनात पक्की बसली ती मुख्यतः १८७६ मध्ये जर्मनीत बायरॉइटला झालेल्या संगीतकार वागनरच्या ऑपेरामुळे, त्याचे कपडे कार्ल एमिल डोप्लर यांनी डिझाइन केले होते. म्हणजे आजचं कार्टून दीडशे वर्षांपूर्वीच्या रंगमंचावरून उचललेलं! लागतं काय, तर कागद आणि पेन्सिल.

दुसरी गोष्ट, मुलांना बघणाऱ्याच्या जागेवरून उठवून बनवणाऱ्याच्या जागी बसवा. 'हॅमिल्टन' हे अमेरिकेच्या स्थापनेच्या काळावरचं संगीत नाटक न्यूयॉर्कमध्ये गाजलं तेव्हा गिल्डर लेहर्मन इन्स्टिट्यूटने शाळांसाठी एक उपक्रम केला, त्यात मुलांनी फक्त नाटक बघायचं नव्हतं, त्या काळातलं एखादं खरं पत्र किंवा कागद निवडायचा, वाचायचा आणि त्यावरून स्वतःचं गाणं, रॅप किंवा छोटा प्रवेश लिहून सादर करायचा. मला हा प्रकार फार आवडतो. कारण स्वतः लिहायला बसलं की दुसऱ्या मिनिटाला अडचण येते, हा माणूस असं बोलला असेल का, त्याने घातलं काय असेल, इथे मला माहीत नाही मग मी काय लिहू. दिग्दर्शकाला येणारी अडचण मुलाला स्वतःला आली की सिनेमा पुढे कधीच तसाच दिसत नाही. फक्त एक अट घाला, जे कागदात आहे ते निळ्या पेनने आणि जे मनाने घातलं ते लाल पेनने लिहायचं. लाल किती होतं ते बघून मुलं स्वतःच थक्क होतात.

प्रश्न : ज्यूंचा नरसंहार शिकवताना मुलांना काही कैदी, काही पहारेकरी असं करून नाट्य करावं असं मनात आहे, म्हणजे त्यांना ते जाणवेल. काय वाटतं?

उत्तर : कृपया करू नका. एका पिरियडमध्ये ते जाणवत नाही, जाणवल्याचा भास होतो, आणि वर्गातलं एखादं मूल खरोखर घाबरतं किंवा दुसरं पहारेकरी होण्यात रमतं. त्यापेक्षा साक्ष वाचा. कॉमिक्सच हवं असेल तर आर्ट स्पीगलमन यांचं 'माउस' आहे, १९९२ मध्ये त्याला विशेष पुलित्झर मिळालं. त्यात ज्यू उंदीर आहेत आणि जर्मन मांजरं, पण वर्गासाठी खरी किंमत दुसऱ्याच गोष्टीला आहे, लेखक नरसंहारातून वाचलेल्या आपल्या वडिलांची मुलाखत घेतोय हेही त्यात दिसत राहतं, वडील चिडतात, विषय सोडून बोलतात, आठवणी मागेपुढे होतात. साक्ष कशी गोळा होते ते पानावर दिसतं. मोठ्या मुलांसाठीच घ्या, आणि स्वतः आधी संपूर्ण वाचून काही पानं निवडा.

प्रश्न : परीक्षेत यावर प्रश्न कसा काढायचा? नाहीतर मुलं सिरियसली घेत नाहीत.

उत्तर : ओळखीची क्लिप नको, ती पाठ होते. नवीन सीनचं चारपाच ओळींत वर्णन द्या आणि शेजारी त्याच घटनेचा एक खरा उतारा द्या. उदाहरणार्थ २१ मे १९३० ला धारासना इथे मिठाच्या सत्याग्रहींवर लाठ्या चालल्या तेव्हा अमेरिकन पत्रकार वेब मिलर तिथे होते, मार चुकवायला एकानेही हात वर केला नाही असं त्यांनी लिहिलं, हॉस्पिटलमध्ये जाऊन ३२० जखमी मोजले. १९८२ च्या 'गांधी' सिनेमात हा प्रसंग आहे पण पत्रकाराचं नाव बदलून वॉकर केलंय. दोन्ही समोर ठेवून विचारा, दोन्हीत सारखं काय, सिनेमाने काय बदललं किंवा गाळलं, आणि तुमच्या मते का. शेवटच्या भागाला सगळ्यात जास्त मार्क ठेवा आणि तिथे एकच बरोबर उत्तर धरू नका, मुलाने दिलेलं कारण उताऱ्यातल्या कुठल्या ओळीवर उभं आहे ते बघून मार्क द्या.